ढोली क्रमांक सात

पोपट स्वतः घर खोदत नाही, हे आधी लिहा,
इस्तारी उईके म्हणाला. मी लिहून घेतलं.
आधी एखाद्या वावटळीत फांदी मोडते.
मग जखमेत पाणी उतरतं, पाण्यामागून बुरशी,
बुरशीमागून सुतारपक्षी.
दहा-बारा वर्षं झाड आतून हळूहळू नाही होत जातं,
तेव्हा कुठं पौषात
एक जोडी येऊन त्या नाहीपणात डोकावते.

करण पोपट. आमच्या यादीत हेच नाव.
इस्तारी त्याला नुसतं ‘मोठा’ म्हणतो.
खांद्यावर विटकरी डाग,
कुणी पान खाऊन बोटं पुसल्यासारखा.
नराच्या गळ्यात काळा गोफ, मानेमागे गुलाबी.
मादीचा गळा मोकळा.
चोच म्हणजे अडकित्ताच, खालचं पातं आखूड.
बोटं दोन पुढे, दोन मागे,
आणि बुंध्यावर चढताना चोच हा तिसरा पाय.

अंडी पांढरीफेक. अंधारात रंग कुणाला दाखवायचा?
तीन, कधी चार. मादी बसते, नर आणून भरवतो.
पिलं निघतात ती उघडी, आंधळी,
सोललेल्या रताळ्यासारखी,
आणि सात आठवड्यांनी त्याच भोकातून
हिरवीगार बाहेर पडतात.

पडायची, म्हणाला इस्तारी. आम्ही पडू देऊ तेव्हा.

त्याच्या उजव्या अंगठ्याला नख नाही.
चौदाव्या वर्षी याच सावरीवर,
याच भोकात हात घातला होता,
तेव्हा झाडांना नंबर नव्हते.
पिलं दुपट्ट्यात बांधून सालेकशाहून गाडीनं गोंदियाला,
जोडीला दीडशे. त्याच्या बापानं तेच केलं होतं, आज्यानंही.
आता तो आमच्याकडे रोजीवर आहे.
हात तोच, कोपरापर्यंत तेवढाच आत जातो,
पिलं चाचपतो, मोजतो,
आणि रिकामा परत येतो.
रिकामा हात काढाले जास्त टाइम लागते, साहेब.

गेल्या साली एकोणीस ढोल्या. औंदा अकरा.
चार झाडं तोडली गेली तेव्हा
कागदावर शेरा होता: वाळलेली, पोकळ, निरुपयोगी.
वाळलेली, बरोबर.
पोकळ, बरोबर.

एक पिल्लू त्यानं विकलं नव्हतं.
जैवंतासाठी ठेवलं, तिच्या लेकराच्या जागी,
असं तो म्हणाला नाही, गावातल्यांनी सांगितलं.
तीन वर्षं ते ओसरीवर टांगलेलं,
खाली अंगणात मोह वाळत घातलेला,
आणि दिवसभर तिचा कोंबड्यांशी वाद.
ती गेली त्या फागुनात
इस्तारीनं पिंजऱ्याचं दार काढूनच टाकलं.
दोन दिवस पक्षी हलला नाही.
तिसऱ्या दिवशी पिंजरा हलत होता, नुसताच.

हे सगळं मला नंतर कळलं.
आधी मी फक्त ऐकलं:
चैताची पहाट, मोह टपटपतोय,
शेंड्यावर चाळीस-पन्नास पोपट फुलं कुरतडताहेत,
अर्धी खाताहेत, अर्धी सांडताहेत,
आणि त्या गोंगाटाच्या वर एका बाईचा आवाज,
त्रासलेला, घरचा:

हाडऽ! हाडऽ मेल्याहो!
खाल्ला सारा मोहाऽ!

दुर्बिणीत गळ्याला गोफ असलेला एक नर,
चोचीत फूल, मान तिरकी.
त्याच्या बाजूची मादी जराही दचकली नाही.
तिला सवय असावी.

मी इस्तारीकडे पाहिलं.
त्यानं वर पाहिलंच नाही.
हातातली काठी जमिनीवर आपटली, दोनदा,
पायाशी नसलेल्या कोंबड्यांवर.
मग टोपली उचलली, म्हणाला, चला, सात नंबर राह्यला.

सात नंबरात पिलं तीन निघाली.
एकानं त्याला बोटाला धरलं, त्यानं धरू दिलं.
खाली मी वही उघडून बसलो:
तारीख, झाड, उंची, नर, मादी, पिलं.
शेवटचा रकाना आवाजाचा.
तिथं आम्ही सहसा लिहितो, कर्कश.